कैलास आणि खरखर

कामशेतच्या कैलास खांडभोरला खरखर सहन होत नसे. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटला तरी चाले, बायको घोरली तरी चाले. पण स्पीकरमधून बारीकशी खरखर आली की हा माणूस हातातला चहा खाली ठेवून उठे, वायर हलवी, बटण फिरवी, मागचं झाकण उघडी आणि खरखर गेल्याशिवाय पुन्हा कपाला हात लावत नसे. तोवर चहाचं पाणी झालेलं असे. कान तयार असणं ही चांगली गोष्ट आहे असं आपण सगळेच समजतो. कैलासही पन्नाशी उलटेपर्यंत तसंच समजत होता.

त्याचं दुकान स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर, तांदळाच्या दोन दुकानांच्या मधे अंग चोरून उभं. आधी भोसरीच्या एका कारखान्यात तीन वर्षं सर्किटं जोडली, मग हे दुकान टाकलं. रेडिओ गेले, टू-इन-वन गेले, टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं लोकांना सोपं वाटू लागलं. दुसरा असता तर मोबाइलची कव्हरं विकत बसला असता. पण कैलासला लोणावळ्याच्या बंगल्यांनी तारलं. तिथल्या लोकांकडे बापाच्या वेळचे भलेथोरले स्टिरिओ धूळ खात पडलेले, आणि गाणी सगळी मोबाइलमध्ये. ह्या दोघांचं लग्न लावून द्यायला भटजी हवा होता, तो कैलास झाला. जुना ॲम्प्लिफायर आणि जुने लाकडी स्पीकर तसेच ठेवायचे, मागे साबणाच्या वडीएवढी एक डबी जोडायची. ती डबी वायफायवरून गाणं ओढून घेते आणि स्टिरिओला देते, आणि तेही मूळ रेकॉर्डिंगमधलं काही न गाळता. 'मोबाइलवर ऐकता ते ताक आहे साहेब, आता दूध ऐका,' असं म्हणून कैलास बटण दाबी. तबलजीचं बोट चामड्यावर घासलेलंसुद्धा ऐकू येई. बंगलेवाला डोळे मिटून मान हलवी आणि पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला कैलासचा नंबर देई.

कैलासचं गाव आंदर मावळात, टाकव्याच्या पुढं. तिथं एस.टी. दिवसातून दोनदा येते, आणि त्यातली एक येईलच असं नाही. त्याचे वडील हौशीराम आणि आई बयाबाई तिथंच भातशेती करून राहत. हौशीराम कधी शाळेची पायरी चढला नाही, सही म्हणून अंगठा उठवी, पण भजनाला उभा राहिला की पलीकडच्या वाडीतली माणसं हातातला घास तसाच धरून ऐकत. त्याची एक गवळण होती. ती त्याचा आजा कोंडाजी यानं रचलेली. तिच्यात गवळणी मथुरेच्या बाजाराला जात नाहीत. दह्याची मडकी डोक्यावर घेऊन मावळातला घाट उतरतात, आणि कृष्ण त्यांना करवंदीच्या जाळीपाशी अडवतो. कोंडाजीनं ती नातवाला गुरं राखता राखता शिकवली. चाल इतक्या वळणांची की मंडळातल्या दुसऱ्या कुणाला ती पेलत नसे. टाळकरी नुसतं ध्रुवपद धरत, बाकी पाच कडवी हौशीराम एकटा म्हणे. ती कुठं लिहून ठेवलेली नव्हती. लिहिणार कोण?

भाताची कापणी झाली की गावात सप्ताह बसे. माइक आणि स्पीकर अर्थातच कैलासचे. दर वर्षी गवळण झाली की हौशीराम घाम पुसत येऊन लेकापाशी बसे.

"आरं कैलास, येकदा माजी गवळण भरून ठिव की."

"भरू की आबा. पन हितं नगं. जनरेटरची घरघर येतीया, पोरं वरडत्यात, वरनं पत्र्याचा घुमारा. चांगला माइक येऊ द्या, मंग निवांत बसून भरू. अशी भरू, का पुन्यात कुनाकडं नसंल."

हे त्यानं मनापासून सांगितलेलं असे. टाळाटाळ नव्हती ती. त्याला बापाचा आवाज डाग न लागता हवा होता. एका वर्षी चांगला माइक आला, तर रेकॉर्डिंगचं मशीन साधं होतं. मशीन आलं, तेव्हा शांत खोली नव्हती. खोली मिळाली, तेव्हा भाताची आवणी सुरू झाली आणि बापाला सवड नव्हती. मग मोबाइल आले. कुणीही पोरगं उठून खिशातल्या फोनवर गवळण भरून घेऊ शकलं असतं, पण कैलास पुढं होऊन सांगे, "ए, फोन आत ठेव. असल्या आवाजात नको आबांची गवळण." कैलासभाऊ म्हणजे त्या कामातला माणूस, म्हणून पोरं ऐकत. अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

दीड वर्षापूर्वी हौशीरामचा घसा बसला तो उठेचना. तंबाखूनं डाव साधला होता. पिंपरीला ऑपरेशन झालं, घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली, गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं. माणूस वाचला. जेवू लागला, शेतात जाऊ लागला, पण तोंडातून आवाज म्हणून जो काय असतो तो संपला. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हाताशी होते. तेव्हा घसा इतका घोगरा झाला होता की भरून घ्यावं असं कैलासला वाटलंच नाही. खरं तर वाटलं होतं. एकदा मशीन पिशवीत घालून तो गावी निघालाही होता, आणि कान्हे फाट्यावरून परत फिरला. असला फाटका आवाज कशाला जपायचा, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्या परत फिरण्याची त्याला पुढं इतकी लाज वाटे की आबांची तब्येत कुणी विचारली तर तो 'बरे आहेत' एवढं बोलून विषय बदली.

घरी आता बयाबाई नवऱ्याची जीभ झाली होती. हौशीराम एक बोट हलवी आणि बयाबाई चार वाक्यं बोले. त्यातली दोन हौशीरामची असत, दोन तिची स्वतःची. भादव्यात भात निसवलं, दाणा दुधात आला, तसा तिचा फोन आला.

"कैलास, पाखरं बसू देत न्हाईत बग. मागं आबा येक हाकारा घालायचं तर पार वढ्यापातुर मोकळं व्हायचं. आता डबा बडवून बडवून हात भरून येत्यात त्यांचं. तितं खालच्या आळीतल्यांनी क्याशिटीची पट्टी बांदलीया, वाऱ्यानं लय गुनगुनती, पाखरू फिरकत न्हाई. तुज्या दुकानात आसत्याल तर घिऊन ये. आबाच म्हणत्यात."

मावळात ही जुनी युक्ती आहे. कॅसेट फोडायची, आतली तपकिरी फीत काढायची आणि खाचराच्या ह्या काठीपासून त्या काठीपर्यंत थोडा पीळ देऊन ताणायची. वारा आला की ती घुमते आणि पाखरं लांबून वळतात. कैलासच्या दुकानातल्या कॅसेटी कधीच संपल्या होत्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याला बाळ गुरुजींचं बोलावणं आलं.

बाळ गुरुजी कैलासच्या गावच्या शाळेत वीस वर्षं होते. त्यांनीच कैलासला अक्षरओळख दिली, आणि बॅटरीला बल्ब जोडायलाही त्यांनीच शिकवलं. आता ब्याऐंशी वर्षांचे, लोणावळ्यात वलवणला पत्नी अरुंधतीबाईंबरोबर राहत. मुलगा श्रीयश बंगळुरूला. त्यानं बापासाठी ती नवी डबी पाठवली होती आणि पाठोपाठ फोनवरून बजावलं होतं, 'तुम्ही हात लावू नका, कैलासला बोलवा.'

गुरुजींचा ॲम्प्लिफायर जुना पण घसघशीत. मागे तीनच जागा: एक रेकॉर्डची, एक रेडिओची, एक टेपची. रेकॉर्डच्या जागेत डबी चालत नाही, तिथली वीज वेगळ्या ताकदीची. रेडिओ गुरुजी सकाळी लावत. राहिली टेपची.

"गुरुजी, टेप काढून टाकू. आता कोण लावतंय?"

"लावत नाही रे मी. पण त्या खोक्यात काही कॅसेटी आहेत. शाळेतल्या."

बुटाच्या खोक्यात आठ कॅसेटी निघाल्या. 'शाळा १' पासून 'शाळा ८' पर्यंत गुरुजींच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या. कैलासनं वरची एक टेपमध्ये घातली. पोरं एका सुरात पाढे म्हणत होती, आणि त्यांच्यावर पसाभर खरखर. दहा सेकंद झाले नाहीत तोच त्याचं बोट बटणावर गेलं.

"ह्यात काही राहिलं नाही गुरुजी. बुरशी धरलीय. वर ह्या डबीत जगातलं सगळं गाणं आलं. तुम्ही नाव घ्यायचं, ते हजर."

"असेल बाबा. तू त्यातला माणूस. तू म्हणतोस तर ने."

"अहो, एकदा ऐकून तरी द्या," अरुंधतीबाई आतून म्हणाल्या.

"कैलासनं ऐकलं ना," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हौशीराम कसा आहे रे? गातो का अजून?"

"बरे आहेत," कैलास म्हणाला. "शेतात असतात." आणि वाकून वायर लावू लागला.

खरं सांगितलं असतं तर? पुढं महिनोन्महिने तो स्वतःला हेच विचारत राहिला. गातो का ह्या प्रश्नाला नाही एवढं उत्तर दिलं असतं, तर गुरुजी खुर्चीतून उठले असते आणि ते बुटाचं खोकं त्यांनी छातीशी धरलं असतं. पण माणूस लाज लपवायला जातो आणि नको ती वस्तू हातातून सोडून बसतो. डबी जोडून झाली. गुरुजींनी आवडत्या बुवांचं नाव घेतलं आणि खोली सुरांनी भरली. म्हातारा-म्हातारी हरखून गेली. कैलास टेप आणि खोकं व्हॅनमध्ये टाकून निघाला.

दुकानात त्यानं आठही कॅसेटी स्क्रू ड्रायव्हरनं फोडल्या, कवच आणि चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या, फितीची चाकं पिशवीत भरली. रविवारी बाप-लेकांनी मिळून चारही खाचरांवर त्या बांधल्या. हौशीराम काठ्या रोवत होता, कैलास ताणून गाठी मारत होता. ताण कमी-जास्त करून त्यानं प्रत्येक फीत अशी लावली की वाऱ्यावर तिचा एकसारखा, स्वच्छ घुमारा निघावा. इथंसुद्धा त्याचं कान लावणं सुटलं नाही. हौशीरामनं लेकाच्या पाठीवर थाप मारली. बयाबाईनं बांधावरून भाषांतर केलं, "लय ब्येस झालं म्हणत्यात. आन् तू वाळलास म्हणत्यात."

दिवाळी झाली. परतीचा पाऊस दोनदा झोडपून गेला. मग एका सकाळी गुरुजींचा फोन आला, ये म्हणाले, काम आहे. वायफाय बंद पडलं असेल म्हणून कैलास गेला. गुरुजी स्टिरिओसमोर बसले होते, पण लावलं काहीच नव्हतं.

"कैलास, ह्या डबीत हौशीरामची गवळण सापडेल का रे?"

"नाही सापडणार गुरुजी."

"तू तर म्हणाला होतास, जगातलं सगळं आहे," गुरुजी हसले, आणि मग हसायचे थांबले. "परवा तळेगावला तुमच्या गावची सरुबाई भेटली. ती म्हणाली, हौशीरामचा आवाज गेला. तू मला सांगितलं नाहीस."

कैलास वाकून डबीची वायर चाचपू लागला.

"असू दे. ऐक. शहाण्णव साली सप्ताहात मी माझा टेप घेऊन देवळात बसलो होतो. तू तेव्हा भोसरीला होतास. हौशीरामची आख्खी गवळण भरली मी, पाचही कडवी. कोरी कॅसेट नव्हती म्हणून शाळेच्याच एकीवर भरली. त्याला ऐकवायची होती, पण जूनमध्ये माझी बदली झाली आणि राहून गेलं. सातवी असेल नाहीतर आठवी. तू नेल्यास तेव्हा हे ध्यानात आलं नाही, पण बरंच झालं, तुझ्याकडे नीट राहतील. रविवारी हौशीरामला घेऊन ये. ह्या मोठ्या स्पीकरवर ऐकवू त्याला."

अरुंधतीबाई चहा घेऊन आल्या. कैलासनं तो कढत चहा दोन घोटांत पिऊन टाकला. "आणतो," एवढंच तो बोलू शकला. फीत कुठं आहे हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

तिथून त्यानं व्हॅन काढली ती थेट गावाकडं. जुन्या हायवेनं कामशेत मागं टाकलं, कान्ह्याला वळला, टाकवे गेलं. सगळीकडं कापण्या चालू होत्या. आपल्या शिवारात आला तर खालची दोन खाचरं कापून मोकळी झाली होती. वरच्या दोहोंवर भात उभं होतं आणि फिती घुमत होत्या. हौशीराम बांधावर विळ्याला धार लावत बसला होता.

"आबा, खालच्या पट्ट्या कुटं हायेत?"

हौशीरामनं विळ्यानंच कोपऱ्याकडं दाखवलं. तिथं काट्याकुट्यांची राख पडली होती आणि राखेत काळे, वितळलेले गोळे.

"गुरांच्या पोटात जायाच्या म्हणून जाळल्या त्यांनी," बयाबाई भारे बांधता बांधता म्हणाली. "का रं? काय झालं?"

"काय न्हाई. वरच्या मला पायजेत."

का पाहिजेत हे त्यानं सांगितलं नाही. उभ्या भातात शिरून तो एकेक गाठ सोडू लागला. हौशीराम उठला आणि दुसऱ्या टोकाकडून त्यानंही सोडायला घेतल्या. त्याला वाटलं, पोराच्या कामाची काही वस्तू असेल. गळ्याचं भोक रुमालानं झाकून, लोंब्या न झाडता, फीत काडीला गुंडाळत तो पुढं सरकत होता. आपण काय गुंडाळतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. बापाला हे सांगावं, निदान आत्ता तरी सांगावं, असं कैलासच्या दहा वेळा मनात आलं. पण त्यातली कुठली फीत वाचली, कुठली जळाली हे आधी कळू दे, असं म्हणून त्यानं तेही पुढं ढकललं.

चार दिवस दुकान अर्धं शटर ओढून चाललं. महिना-दीड महिना वाऱ्यात फडफडलेली फीत म्हणजे काय, हे ज्यानं हाताळली त्यालाच कळेल. कुठं ताणून दोऱ्यासारखी झालेली, कुठं चुरगळलेली, कुठं वरचा तपकिरी थर झडून नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक उरलेलं. कैलास मऊ फडक्यानं ती पुसे, हातानं सपाट करी, तुटक्या टोकांना बारीक पट्टी लावून जोडी, कुणाकडून तरी मागून आणलेल्या जुन्या कवचात गुंडाळी आणि गुरुजींच्याच टेपमध्ये घाली. मग कान लावून बसे. पाढे आले. प्रार्थना आली. कुठल्या तरी साहेबांचं भाषण आलं. मग नुसती खरखर, हातभर, वावभर, आणि ह्या माणसानं ती खरखर इंच इंच ऐकली, देवळात पोथी ऐकावी तशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका तुकड्यात पखवाज वाजला. पखवाजामागून तेव्हाचे बाळ गुरुजी बोलले, "आता हौशीराम खांडभोर गवळण म्हणतील." टाळ झाले. मग कुणीतरी खाकरलं, घसा साफ केला. ते आबा होते. खाकरण्यावरून बाप ओळखू येतो. मग त्यानं वरचा सूर लावला, ध्रुवपदाची अर्धी ओळ आली, आवाज ताणलेल्या फितीवर हेलकावला, आणि फीत संपली. सगळं मिळून वीस-बावीस सेकंद. पुढची फीत राखेत गेली होती की वाऱ्यानं तुटून उडाली होती, ते कोण सांगणार?

ते सेकंद त्यानं कॉम्प्युटरवर घेतले. सवयीनं खरखर काढायच्या प्रोग्रॅममधून एकदा घालवले. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर आबांचं खाकरणंही गेलं. त्यानं ते पुसून टाकलं आणि मूळचं तसंच ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खरखर आपल्या हातानं राहू दिली, पण आता राहू देऊन काय उपयोग?

रविवारी सकाळी आई-बापाला व्हॅनमध्ये घालून तो वलवणला आला. हौशीरामनं धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती, गळ्याला नवा रुमाल. गुरुजी काठी न घेताच दारापर्यंत आले. दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलवेना.

"हौशीराम, बस. आज तुला तुझंच गाणं ऐकवतो," गुरुजी म्हणाले.

हौशीराम बायकोकडं बघू लागला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कैलासनं बटण दाबलं. खोलीत आधी खरखर पसरली, मग पखवाज, मग गुरुजींचा जुना आवाज. आणि ते खाकरणं त्या मोठ्या लाकडी स्पीकरमधून असं आलं की बयाबाई दाराकडं वळून बघू लागली, कुणी आलं की काय म्हणून. मग सूर लागला. हौशीरामचा हात आपोआप गुडघ्यावर ठेका धरू लागला. अर्धी ओळ झाली आणि सगळं थांबलं.

"लाव की पुढचं," गुरुजी म्हणाले.

"पुढचं नाही गुरुजी."

"नाही म्हणजे?"

कैलास उभा राहिला. आता पुढं ढकलायला काही उरलं नव्हतं.

"त्या कॅसेटी मी ऐकल्याच नाहीत. शाळेच्या म्हणून फोडल्या. पाखरांसाठी शेतात बांधल्या." मग तो बापाकडं वळला. "आबा, आपन त्या रविवारी खाचरावर बांदल्या त्या पट्ट्या. त्यात तुमची गवळण व्हती. आख्खी व्हती. मी बघितलं न्हाई. आन् मागं तुमी म्हणत व्हता तवा बी मी भरली न्हाई. माजं चुकलं."

अरुंधतीबाईंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. हौशीराम लेकाकडं बराच वेळ बघत होता. त्या बघण्यात राग असता तर कैलासला बरं वाटलं असतं. मग त्यानं एक बोट उचलून हवेत गोल फिरवलं.

"परत लाव म्हणत्यात," बयाबाई म्हणाली. ह्या वेळी तिनं पदरचं काही घातलं नाही.

कैलासनं परत लावलं. खरखर, पखवाज, खाकरणं, अर्धी ओळ. पुन्हा सगळं थांबलं, पण ह्या खेपेला हौशीरामचा हात थांबला नाही. गुडघ्यावरचा ठेका तसाच चालू राहिला आणि त्याचे ओठ हलू लागले. डोळे मिटून, मान किंचित वर करून, जिथं स्पीकर थांबला तिथून त्यानं गवळण पुढं उचलली होती. रुमालाखालून नुसता श्वास सूं-सूं येत जात होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, एखाद्या जागेवर हात वर जात होता आणि समेवर गुडघ्यावर पडत होता. तो पहिलं कडवं म्हणत होता, मग दुसरं. बाळ गुरुजींनी हात जोडले होते.

कैलास बापाच्या समोर खाली बसला आणि त्याच्या ओठांकडं बघू लागला. शब्द ओळखून काढावेत, निदान लिहून तरी घ्यावेत, म्हणून त्यानं खिशातून पेन काढलं. ओठ हलत होते, पण काही लागेना.

"आई, काय म्हणत्यात? सांग की."

"मला रं काय ठावं," बयाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "आमी बाया लांब, देवळाच्या भाईर. नुसता आवाज यायचा. त्यांच्यासंगट कोन म्हणनारं हुतं? पखवाजाचा केरबा गेला, टाळकरी गेलं. तू माइकपाशी बसायचास दर साली. तुलाच ठावं आसंल."

हे खरंच होतं. दर वर्षी तो बापापासून चार हातांवर बसलेला असे. ती गवळण त्यानं पंचवीस वेळा तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी त्याचं लक्ष पत्र्याच्या घुमाऱ्याकडं, जनरेटरच्या घरघरीकडं, माइकच्या वायरीकडं होतं. समोर हौशीराम चौथ्या कडव्यात होता की पाचव्या, तेही त्याला कळत नव्हतं. कैलास हातात पेन धरून आठवत राहिला. ध्रुवपदाच्या पुढचा एक शब्दही त्याला येत नव्हता.